जुळवाजुळव

आमच्या शहरात क्रांती चौक नावाचा चौक आहे. बाहेरगावच्या माणसाला या नावाचा उगीचच वचक वाटतो. त्याला वाटतं, इथली माणसं सकाळी दात घासायच्या आधी एखादी घोषणा देत असतील. तसं काही नाही. मोर्चे आणि धरणी इथे नेमाने होतात, हे खरं. पण आम्ही नोकरदार मंडळी फक्त ‘आज कुठून वळवलंय?’ एवढंच विचारतो. गेली वीस-बावीस वर्षं मी या चौकातून बँकेत जातो आणि याच चौकातून परत येतो. एवढ्या काळात माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी क्रांती म्हणजे एकदा उड्डाणपुलावरून न जाता मी पुलाखालून गेलो. सिग्नलला इतका वेळ थांबलो, की पुन्हा तसं केलं नाही.

चौकाच्या नावामागचा इतिहास मात्र थट्टेचा नाही. १८५७ च्या जून महिन्यात इथल्या छावणीतल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष उसळला. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी कुणकुण शिपायांना लागली होती. इंग्रजांची फौज आली, उठाव मोडला गेला आणि पकडलेल्या सैनिकांना मृत्युदंड दिला गेला. ती जागा काळा चबुतरा म्हणून ओळखली जाई. तोच आजचा क्रांती चौक. अशा जागेवरून रोज ‘कोथिंबीर न्यायची की मेथी’ या चिंतेत स्कूटर नेणाऱ्या माणसाने इतिहासावर लिहू नये, हे मला कळतं. पण २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात क्रांती माझ्या घरातच झाली, म्हणून लिहिणं भाग आहे.

चिरंजीव अकरावीत आहेत. एका रविवारी पोहे खाता खाता ते म्हणाले, “बाबा, मला पीसी करायचाय.”

मला ‘बीसी’ ऐकू आलं. आमच्या गावात भिशीला बीसी म्हणतात. सोळाव्या वर्षी पोराला बचतीची सवय लागतेय, हे पाहून बँकेच्या माणसाचा ऊर भरून येणं साहजिक आहे. मी म्हटलं, “कर की! महिना किती भरायचे?”

“भरायचे नाहीत. एकदम द्यायचे. गेमिंग पीसी. पार्ट आणून मी स्वतः जोडणार.”

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. आमच्या घरी भांडं आपोआप पडत नाही.

“अहो,” सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, “त्याला विचारा, बारावी कोण जोडणार?”

इथे आमच्या घराची आर्थिक परिस्थिती सांगायला हवी. नव्वद हजारांची एक मुदतठेव त्याच महिन्यात पिकत होती. ही ठेव गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी होती. हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात दर पावसाळ्यात गळतं. ईशान्येला पाणी असावं असं वास्तुशास्त्र म्हणतं, तेव्हा वास्तूच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण त्या खाली सोफा आहे. थोडक्यात, एका बाजूला गच्ची आणि दुसऱ्या बाजूला पीसी, असा हा पेच होता.

मी मध्यममार्ग सुचवला. “अरे, एखादा कंपनीचा तयार घेऊ. पेटीतून काढला, लावला, चालू.”

“त्यात माझं काय?” चिरंजीव म्हणाले.

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आधी कोटेशन घेऊन ये.

कोटेशन आलं. क्रांती चौकाजवळच्याच एका दुकानातलं होतं. एकूण रक्कम १ लाख ४१ हजार. कागदावर चौदा ओळी होत्या आणि त्यांपैकी मला फक्त ‘कीबोर्ड’ समजला. त्याचीही किंमत वाचल्यावर समजेनासा झाला. मी १९९९ चा बी.कॉम. संगणकाचं माझं शिक्षण म्हणजे एमएस-सीआयटी. ती परीक्षा मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो आणि प्रमाणपत्र अजून फ्रेममध्ये आहे. त्या प्रमाणपत्राने या कोटेशनपुढे मान टाकली.

पण बँकेत एक गोष्ट पक्की शिकवतात: पार्टी नवी असेल तर कर्जाआधी तिचा पूर्वेतिहास पाहा. पैसे कुठून येतात, घराणं कसलं, आधी कुठे बुडवलेत का. मी ठरवलं, की या चौदा ओळींचा पूर्वेतिहास पाहिल्याशिवाय ठेव मोडायची नाही. मुळात संगणकाचे भाग असे किराणा मालासारखे सुटे मिळतात, हीच मला चमत्कारिक गोष्ट वाटत होती. आपण स्कूटरचं इंजिन एका दुकानातून, चाकं दुसऱ्यातून आणि हॅंडल तिसऱ्यातून आणून ती घरी जोडत नाही. मग संगणकानेच काय घोडं मारलं?

तर ती कथा अशी. अमेरिकेतली आय.बी.एम. ही कंपनी म्हणजे जुनं, घरंदाज घराणं. लोणची, पापड, कुरडया सगळं घरचं. बाहेरचा पदार्थ उंबऱ्याच्या आत यायचा नाही. तिचे संगणक खोलीएवढे आणि त्यांचा प्रत्येक भाग तिचा स्वतःचा. १९८० च्या सुमाराला तिच्या लक्षात आलं, की टेबलावर मावणारे छोटे संगणक भलतेच खपताहेत आणि आपल्याकडे तसा एकही नाही. पाहुणे दारात उभे आणि घरात पीठसुद्धा मळलेलं नाही, अशी अवस्था. मग फ्लोरिडातल्या बोका रॅटन या गावी एका छोट्या तुकडीला सांगण्यात आलं, की वर्षभरात संगणक करून दाखवा. वर्षभरात सगळं घरी होणं शक्य नव्हतं. तेव्हा घराण्याची रीत मोडून त्यांनी भाग बाजारातून आणले. प्रोसेसर इंटेलचा, कामकाजाची प्रणाली मायक्रोसॉफ्टची आणि फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचे. हे टंडन मूळचे आपल्या पंजाबातले, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी हा संगणक जाहीर झाला. सर्वांत स्वस्त नमुन्याची किंमत १,५६५ डॉलर, त्यात स्मृती १६ किलोबाइट. पडदा आणि फ्लॉपी ड्राइव्ह त्या किमतीत नव्हते. म्हणजे ‘पंगतीत भाताचे वेगळे पैसे’ ही पद्धत पहिल्या दिवसापासूनची आहे.

आणखी एक गोष्ट त्या खरेदीत झाली, ती वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. प्रोसेसरसाठी एकाच पुरवठादारावर विसंबून राहायला आय.बी.एम. तयार नव्हती. दुसराही हवा, असा तिचा आग्रह. म्हणून १९८२ साली इंटेलने ए.एम.डी. या कंपनीला आपल्या प्रोसेसरची बनावट करू देण्याचा करार केला. आज दुकानदार ‘काका, इंटेल की ए.एम.डी.?’ असं विचारतो, त्या प्रश्नाचं मूळ खरेदी खात्याच्या एका नियमात आहे! आमच्या शाखेत पाण्याचा माठ घ्यायचा तरी तीन कोटेशनं लागतात, म्हणून मी आयुष्यभर कुरकुर केली. आता करणार नाही.

या सगळ्यात घरचा असा एकच महत्त्वाचा पदार्थ उरला होता. संगणक चालू केला की पहिल्यांदा जाग येणारी आणि सगळ्या भागांची हजेरी घेणारी जी आज्ञावली, तिला बायोस म्हणतात. ती आय.बी.एम.ची. तिची पाककृती कंपनीने माहितीपुस्तकात छापूनच टाकली होती; पण हक्क राखीव. वाचा, पण उतरवून घेऊ नका. १९८२ साली ह्यूस्टनमधल्या एका उपाहारगृहात तीन जण बसले होते. तिथल्या ताटाखाली अंथरायच्या कागदावर त्यांनी आपल्या संगणकाचं चित्र काढलं आणि कॉम्पॅक नावाची कंपनी काढली. बायोसचा पेच त्यांनी सोडवला, तो आपल्याकडच्या सासुरवाशिणींना लगेच समजेल. एका सुनेने सासूच्या आमटीची चव घ्यायची आणि आंबट किती, तिखट किती, वास कसला, एवढंच लिहून द्यायचं. मग दुसऱ्या सुनेने, जिने सासूच्या स्वयंपाकघरात कधी पाऊलही टाकलेलं नाही, तिने त्या वर्णनावरून आपल्या हाताने आमटी करायची. चव तीच, पण चोरी नाही. कॉम्पॅकने पहिल्याच वर्षी ११ कोटी डॉलरवर विक्री केली. १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने अशीच आमटी करून ती मागेल त्याला विकायला काढली. झालं! घराण्याची चूल विझली आणि गल्लोगल्ली खानावळी निघाल्या.

म्हणजे आज माझा मुलगा घरी संगणक जोडू शकतो, ते कुणी उदार मनाने देणगी दिली म्हणून नव्हे. एका मोठ्या कंपनीला घाई झाली, म्हणून. मला हे वाचून फार बरं वाटलं. घाईत केलेल्या गोष्टींतूनही जगाचं भलं होऊ शकतं, हे मार्चअखेर काम करणाऱ्या माणसाला कळायला हवं.

आता आपल्याकडचं. आपल्याकडून आय.बी.एम. १९७८ सालीच निघून गेली होती, आणि बाहेरच्या मालावर आयात शुल्क असं होतं, की वस्तूपेक्षा शुल्कच आयात केल्यासारखं वाटे. तेव्हा सुटे भाग आणून जोडणं हा आपल्याकडे छंद नव्हता, इलाज होता. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड ही त्याची पंढरी. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्या रस्त्यावर रेडिओचे भाग मिळत, तिथेच पुढे संगणकाचे मिळू लागले. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक व्यापार करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने त्यातल्या वस्तूंवरचं आयात शुल्क शून्यावर आलं. आता फक्त १८ टक्के जी.एस.टी. भरावा लागतो. ‘फक्त’ हा शब्द मी बँकेच्या सवयीने लिहिला. आम्ही कुठल्याही रकमेपुढे ‘फक्त’ लिहितो.

आणि जोडाजोडीतला सर्वांत मोठा पराक्रम तर आपल्या शेजारी पुण्यात झाला. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेतून महासंगणक हवा होता. हवा तेवढा मोठा द्यायला अमेरिकेने नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. प्रमुख विजय भटकर. हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. ज्या गावाचं नावच मुरंबा, तिथला माणूस मुरल्याशिवाय कसा राहील? त्यांनी एकच मोठा प्रोसेसर शोधण्याचा नाद सोडला. ट्रान्सप्यूटर नावाच्या, बाजारात मिळणाऱ्या लहान इंग्लिश चिपा घेतल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि सगळ्यांना मिळून एकच गणित वाटून दिलं. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. अख्खा मिळत नाही? सुटे आणा. मी सौभाग्यवतींना हे मोठ्या आवेशाने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “त्यांनी हवामानासाठी मागितला होता. तुमचा मुलगा बंदुका उडवायला मागतोय.” मुद्दा बिनतोड होता.

एवढा पूर्वेतिहास पाहून झाल्यावर मी चिरंजीवांना समोर बसवलं आणि चौदा ओळी एकेक करून समजावून घेतल्या. तो सांगत गेला आणि मी त्याचं भाषांतर आमच्या शाखेत करत गेलो.

प्रोसेसर म्हणजे सहा-आठ हुशार अधिकारी. कुठलंही किचकट प्रकरण द्या, निकाली काढतील. पण एका वेळी थोडीच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो कारकून. प्रत्येकाची बुद्धी बेताची, काम एकच आणि सोपं; पण सगळे एकदम करतात. मला वाटलं, चित्रासाठी एवढे कारकून कशाला? मग चिरंजीवांनी गणित मांडलं. साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येकाचा रंग सेकंदाला साठ वेळा ठरवायचा. म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार नोंदी. एवढं पोस्टिंग आमच्या सबंध बँकेत वर्षअखेरीलाही होत नसेल. कारकुनांबद्दलचा माझा आदर दुणावला.

या कार्डाचाही इतिहास खेळांनीच घडवला. १९९३ च्या डिसेंबरात ‘डूम’ आला आणि पोरांना बोगद्यातून पळायचं वेड लागलं. १९९६ मध्ये ‘व्हूडू’ नावाचं कार्ड निघालं, ते फक्त असल्या चित्रांचं काम करी. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ काढलं. ही कंपनीही तीन जणांनी १९९३ साली उपाहारगृहातल्या बैठकांतून काढलेली. अमेरिकेत माणसं हॉटेलात बसून कंपन्या काढतात. आम्ही निराला बाजारात बसून फक्त बिल कोण देणार ते काढतो. पुढे हेच हजारो कारकून आधी कूटचलनाच्या खाणीत आणि मग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाला जुंपले गेले. २०२१ मध्ये पोरांना खेळायला कार्डं मिळेनात, ती त्या खाणीमुळे. आणि २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव चढले, ते या बुद्धिमत्तेच्या कारखान्यांमुळे. दुकानदार मला म्हणाला, “काका, रॅमचा हा भाव आजचा हां. उद्याचं नका विचारू.” सराफाच्या दुकानात ऐकलेलं हे वाक्य मी संगणकाच्या दुकानात पहिल्यांदाच ऐकलं.

रॅम म्हणजे टेबल. जेवढं मोठं, तेवढ्या फायली एकदम उघड्या ठेवता येतात. एसएसडी म्हणजे रेकॉर्ड रूम, पण जिथला माणूस फाइल मागितल्याबरोबर देतो अशी, म्हणजे काल्पनिक. मदरबोर्ड म्हणजे इमारत. आणि प्रोसेसर इमारतीत बसायला त्याचं सॉकेट जुळावं लागतं. इथे मला पत्रिका आठवली. पण नियम उलटा. आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध, इथे गोत्र एकच हवं. एके काळी ‘सॉकेट ७’ नावाच्या एकाच खाचेत इंटेलचाही प्रोसेसर बसे आणि ए.एम.डी.चाही. १९९७ पासून इंटेलने वेगळी खाच काढली आणि दोन घराण्यांचा रोटीबेटी व्यवहार बंद झाला. रॅमचंही तसंच: डी.डी.आर. ४ ची पट्टी डी.डी.आर. ५ च्या जागेत बसतच नाही, कारण मधली खाच मुद्दाम सरकवलेली असते. लग्न जमवण्याआधी एवढी स्पष्ट सूचना माणसांनाही मिळायला हवी होती.

मग पाणी फिरवून प्रोसेसर थंड करायचं यंत्र, साडेआठ हजार. मी म्हटलं, “अरे, आपल्या गावात पाणचक्की आहे. मातीच्या नळांतून झऱ्याचं पाणी आणून लोकांनी जाती फिरवली. पाण्याचं कौतुक आपल्याला सांगू नको.” ती ओळ मी पेन्सिलीने खोडली. साधा पंखा पुरतो, हे त्याने दोन दिवसांनी मान्य केलं. रंगीबेरंगी दिवे लागणारे तीन पंखे: खोडले. काचेची कपाटासारखी पेटी: साध्या पेटीवर आणली. एका ठिकाणी मात्र चिरंजीवांनी माझा हात धरला. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी. मी ती निम्म्या किमतीची करत होतो.

“बाबा, ही नाही. ही गेली तर जाताना सगळ्यांना घेऊन जाते.”

मला आमच्या शाखेतला शिपाई आठवला. तो रजेवर गेला की मॅनेजरपासून सगळे अधू. ती ओळ तशीच ठेवली.

या खोडाखोडीत मला मुख्य गोष्ट समजली, ती अशी: भारीतले भाग घेतले म्हणून संगणक भारी होत नाही. कॅशियर वाऱ्याच्या वेगाने नोटा मोजतो; पण व्हाउचर पास करणारा अधिकारी चष्मा शोधतोय, तर रांग तिथेच उभी राहणार. एक भाग ताकदीचा आणि दुसरा मरतुकडा, तर पैसे ताकदीचे जातात आणि वेग मरतुकड्याचा मिळतो. सगळी कला बेतात बसवण्यात आहे. आणि बेतात बसवणं हे तर आपलं घराण्याचं काम.

‘घराण्याचं’ हा शब्द मी सहज म्हणून गेलो होतो. कोपऱ्यात आमचे वडील, अण्णा, पेपर वाचत बसले होते. जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस; ‘कोटेशन’ हा शब्द कानावर पडला की त्यांचा कान अजून टवकारतो. ते उठून आत गेले आणि त्यांची जुनी हिरवी फाइल घेऊन आले. त्या फायलीत घरपट्टीच्या पावत्यांपासून माझ्या मुंजीच्या जेवणाच्या हिशेबापर्यंत सगळं आहे.

इथे मला एक जुनी बाकी सांगावी लागेल. १९९८ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका मित्राकडे संगणक आला होता. पांढुरका डबा, त्यावर प्लास्टिकचं आवरण, खोलीबाहेर चपला काढायच्या. तिथे मी रोड रॅश खेळलो आणि घरी येऊन अण्णांना म्हटलं, मलाही हवा. अण्णा एवढंच म्हणाले, “बी.कॉम.ला काय करायचाय संगणक?” विषय संपला. म्हणजे त्यांच्यासाठी संपला. मी ती रक्कम सत्तावीस वर्षं त्यांच्या नावे टाकून ठेवली होती. मोठ्याने कधी बोललो नाही. पण बँकेत नवी यंत्रणा आली आणि मी मागे पडलो, बढतीची परीक्षा हुकली, की मनातल्या लेजरमध्ये त्यावर व्याज चढवायचो.

अण्णांनी फायलीतून एक पिवळा कागद काढला. कोटेशन. तारीख २२ जून १९९८. पेंटियम २३३ एमएमएक्स, ३२ एमबी रॅम, ३.२ जीबी हार्ड डिस्क, १४ इंची रंगीत मॉनिटर, सीडी ड्राइव्ह, स्पीकर. एकूण ४३,५०० रुपये. आणि त्यावर अण्णांची पेन्सिल फिरलेली. स्पीकर खोडले होते. सीडी ड्राइव्ह खोडला होता. ३२ चं १६ केलं होतं. रंगीत मॉनिटरच्या जागी साधा. समासात बेरीज पुन्हा, मग पुन्हा. शेवटचा आकडा ३१ हजारांच्या खाली काही उतरला नव्हता. त्याच्याखाली बारीक अक्षरात: ‘पुढील वर्षी पाहू.’

“तुम्ही दुकानात गेला होतात?” मी विचारलं.

“तीनदा,” अण्णा म्हणाले. “तो म्हणाला, यापेक्षा कमी केलं तर चालू होणार नाही. पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी यायची होती. आली तेव्हा तुझ्या आजीचं ऑपरेशन निघालं.”

“मग मला सांगायचं ना तेव्हा.”

“काय सांगायचं? पैसे नाहीत म्हणून? अभ्यासात लक्ष लागलं नसतं तुझं.”

बँकेत चुकीच्या खात्यावर पडलेली नोंद उलटी फिरवायची असली, की आधी अधिकाऱ्याची सही घ्यावी लागते. मी ती तशीच, सहीशिवाय फिरवली. व्याजासकट.

चिरंजीव तो पिवळा कागद निरखत होते. “आजोबा, ३२ एमबी? माझ्या मोबाइलमधला एक फोटो नाही मावणार धड.” मग जरा वेळाने म्हणाले, “पण तुम्ही प्रोसेसर नाही कापला. बरोबर केलंत.” अण्णांना एवढी दाद जिल्हा परिषदेने छत्तीस वर्षांत दिली नसेल.

आमचं कोटेशन शेवटी ८९,२०० वर आलं. सौभाग्यवतींची अट अशी, की बारावीच्या वर्षात संगणकाची वायर त्यांच्या कपाटात राहील. आणि गच्चीचं काम माझ्या पुढच्या बोनसमधून होईल, तसं मी लिहून द्यावं. दिलं. मी फक्त एवढंच सुचवलं होतं, की ईशान्येच्या कोपऱ्यात संगणक ठेवला तर पाण्याने थंड करायचे साडेआठ हजार आपोआप वसूल होतील. या सूचनेवर चर्चा झाली नाही.

जोडणी एका रविवारी डायनिंग टेबलावर झाली. चार तास लागले. पेटीच्या पुढच्या बटणाच्या बारीक वायरी कुठल्या पिनेवर बसवायच्या, ते माझ्या चष्म्याला दिसेना. अण्णांनी त्यांचं पेपर वाचायचं भिंग आणलं आणि चिरंजीवांनी ते धरायला सांगितलं. मला स्क्रू सांभाळायचं काम होतं. एक स्क्रू शेवटी उरला. बँकेत शिलकेत फरक आला की रात्री दहापर्यंत कुणी घरी जात नाही. मी म्हटलं, हा कुठला ते कळल्याशिवाय बटण दाबायचं नाही. तो पेटीबरोबर जास्तीचाच येतो, असं चिरंजीव म्हणाले. मी पेटीचा कागद वाचून खात्री केली.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर अक्षरं आली: बायोसने हजेरी घेतली आणि सगळे हजर होते.

“बिघडला तर उघडता येतो ना?” अण्णांनी विचारलं.

“येतो की, आजोबा. मीच जोडलाय.”

“मग ठीक आहे,” अण्णा म्हणाले, आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. दोन्ही कोटेशनं मी त्यांच्या हिरव्या फायलीत एकावर एक लावली.